पहिला फ्लॅट भाड्याने द्यायला घ्यायचाय: पुनावळे, वनबीएचके, ४८ लाख. घेऊ का?

चिंचवडी_मिसळ (धागाकर्ता), सोमवार रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ३४, नोकरी हिंजवडीत, राहायला चिंचवडला वडिलांच्या घरात. त्यामुळे घरभाडं नाही, गृहकर्जही नाही. बायको खासगी शाळेत शिकवते. १८ लाख साठलेत. ऑफिसातला एकजण म्हणाला, "अरे, फ्लॅट घे, हप्ता भाडेकरू भरतो." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पुनावळ्यात एक वनबीएचके पाहिलाय. रीसेल, चार वर्षांची बिल्डिंग, बारावा मजला, ४८ लाख. एजंट म्हणतो, १६ हजार भाडं कुठे गेलं नाही. ३६ लाख कर्ज काढायचं, २० वर्षांसाठी.

घेऊ का? आणि घर भाड्याने देण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तेही कुणी सांगितलंत तर उपकार होतील.

---

हिशेबनीस, सोमवार रात्री १०.१५

मिसळराव, हप्ता भाडेकरू भरतो हे वाक्य ऐकलं की मी कागद-पेन्सिल काढतो. काढूया.

४८ लाख ही फक्त घराची किंमत. पिंपरी-चिंचवडमध्ये स्टँप ड्युटी ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंट १ टक्का, ४८ हजार. ग्रिल, पंखे, गीझर, ओट्याखालच्या ट्रॉल्या, रंग यांना पावणेदोन-दोन लाख. हे सगळं मिळून ५४ लाखांना घर पडलं. स्टँप ड्युटीला बँक कर्ज देत नाही, म्हणजे तुमचे १८ लाख पहिल्याच दिवशी शून्यावर.

आता आवक. वर्षात एक महिना घर रिकामं धरायचंच. ११ गुणिले १६ हजार, १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार धरला तर ३० हजार गेले. मिळकतकर ९ हजार, नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटाचे अर्धा महिना ८ हजार, रंग-दुरुस्ती सरासरी १२ हजार. हातात उरले १ लाख १७ हजार. ५४ लाखांवर सव्वादोन टक्क्यांच्याही खाली.

आणि हप्ता? साडेआठ टक्क्यांनी ३६ लाखांचा ३१ हजार २०० च्या आसपास, वर्षाला पावणेचार लाख. भाड्याने एक-सतरा भरले, उरलेले २ लाख ५८ हजार तुम्ही. महिना साडेएकवीस हजार खिशातून, २० वर्षं.

घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. किंमत वाढेलही. पण मग ती किंमत वाढण्यावरची पैज झाली, भाड्याचं उत्पन्न नव्हे. दोन्हीची गल्लत नको.

---

चिंचवडी_मिसळ, सोमवार रात्री १०.३२

बाप रे. कुणी असं मांडलंच नव्हतं. एजंटाने ४ टक्के सांगितले होते.

---

हिशेबनीस, सोमवार रात्री १०.३६

१६ गुणिले १२ भागिले ४८. बरोबर ४ येतात. त्याचं गणित चुकलेलं नाही, अर्ध्यावर थांबलंय.

---

कोथरूडची_काकू, मंगळवार सकाळी ७.०५

हिशेबनीसांनी हिशेब दिला, मी घरं देते. बँकेतून निवृत्त आहे. दोन फ्लॅट भाड्याने आहेत, पहिला २००६ पासून. एक कर्वेनगरला, एक वारज्याला.

मिसळ, तू घर कधी पाहिलंस? रविवारी सकाळी अकरा वाजता, एजंटाबरोबर, हो ना? सगळे तसंच बघतात. आता आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी रात्री साडेआठला एकटा जा. गेटसमोर उभा राहा आणि दिवे मोज. किती घरांत उजेड आहे, किती मजले काळे. ज्या बिल्डिंगीत निम्मे दिवे बंद, तिथे तुझ्यासारखेच भाड्याच्या आशेने घेतलेले मालक आहेत आणि ते सगळे एकाच भाडेकरूमागे धावतायत. मग वॉचमनशी बोल. "टू बीएचके भाड्याने आहे का हो?" एवढंच विचार. त्याने एका दमात सहा फ्लॅट नंबर सांगितले की समजून जा.

दुसरं, पाणी. त्या बाजूला उन्हाळ्यात टँकर किती येतात ते सेक्रेटरीकडून नको, टँकरवाल्याकडून ऐक. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि मेंटेनन्स तुझ्या खिशातून जातो. क्षाराचं पाणी असेल तर गीझरची कॉइल दर दीड-दोन वर्षांनी पांढरी होऊन बसते, तोही खर्च तुझाच.

रिकाम्या महिन्यांचं सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कर्वेनगरच्या घरातल्या मुली गावी गेल्या त्या परतल्याच नाहीत. दोन जणींचं सामान आठ महिने तसंच. गादीखाली परीक्षेचं हॉलतिकीट, फ्रीजमध्ये कैरीचं लोणचं. भाडं कोणत्या तोंडाने मागणार? मी मागितलं नाही. मला हप्ता नव्हता म्हणून जमलं. माझ्याच वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना हप्ता होता, त्यांनी घर विकलं. तेव्हा घेताना मनाशी एकच विचार: हे घर आठ महिने कुलूपबंद राहिलं तर माझं काही अडेल का?

अवांतर: लोणचं फेकून दिलं पण बरणी चिनी मातीची होती, अजून वापरते. मुलीने नंतर फोन करून विचारलं, "काकू, बरणी आहे का?" म्हटलं, आहे, ये जेवायला.

---

सदाशिव_पेठी, मंगळवार सकाळी ९.२०

घर भाड्याने देऊ नका. एवढंच.

आमच्या वाड्यात आजोबांनी ठेवलेल्या बिऱ्हाडाची तिसरी पिढी नांदतेय. भाडं महिना ३५ रुपये. पावती फाडायला मी जातो तेव्हा पेट्रोल जास्त जळतं.

---

वकीलवाडी, मंगळवार सकाळी ११.४५

पेठीसाहेब, तुमचं दुःख खरं, पण ते जुन्या कायद्याचं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली बसलेली कुळं आणि आजचं 'लिव्ह अँड लायसन्स' (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) यांत जमीन-अस्मानाचा फरक. नवख्यांनी वाड्यांच्या गोष्टी ऐकून घाबरायचं कारण नाही, मात्र कागद चोख हवा.

आता ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो. त्यातल्या दोनच कलमांचं पाठांतर करा.

कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टँपपेपरवर नोटरी करून "झालं काम" म्हणणारे लोक इथेच फसतात.

कलम २४: मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळाची नुकसानभरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने लागते. तारीख-पे-तारीख अजिबात नसते असं मी म्हणणार नाही, पण दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता पुष्कळ जवळचा.

खर्च किरकोळ आहे. पूर्ण मुदतीचं भाडं आणि अनामत रकमेवरचं वार्षिक १० टक्क्यांनी काढलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का स्टँप ड्युटी. १६ हजार भाडं, ५० हजार अनामत, अकरा महिने, तर ती पाचशेच्या आत बसते. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. एजंट मशीन घेऊन घरी येतो, अंगठे घेतो, चहा पिऊन जातो. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यायची, तेही त्याच बैठकीत उरकून घ्या.

---

चिंचवडी_मिसळ, मंगळवार दुपारी १.१०

वकीलसाहेब, शतशः आभार. एक शंका. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, बॅचलर चालणार नाहीत आणि आधी कमिटीची एनओसी घ्यावी लागेल. शिवाय भाड्याने दिलं तर महिन्याला वेगळे हजार रुपये.

---

वकीलवाडी, मंगळवार दुपारी २.०२

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहात नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासून शासनाचा तसा आदेश आहे. तुमच्या सोसायटीचं सेवाशुल्क दीड हजार असेल तर दीडशे रुपये. हजार कुठून आले ते चेअरमनना लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर उत्तरही तोंडीच मिळेल.

---

कोथरूडची_काकू, मंगळवार दुपारी ४.३०

कायदा वकीलसाहेबांचा बरोबर. पण मिसळ, चेअरमनशी पहिल्याच महिन्यात भांडलास तर तुझ्या भाडेकरूच्या पार्किंगपासून कचऱ्यापर्यंत सगळं निघेल. आधी पेढे, मग पत्र.

आणखी एक, पुणे मनपाच्या हद्दीत घेणाऱ्यांसाठी: स्वतः राहात असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते. वारज्याचं पहिलं बिल बघून मला वाटलं चुकून शेजाऱ्याचं आलंय.

---

गुंतवणूक_गुरुजी, मंगळवार सायं. ६.००

कशाला हे सगळे उपद्व्याप? रीट घ्या. भारतात २०१९ पासून शेअर बाजारात आहेत. मोठमोठ्या ऑफिस इमारतींचं भाडं वाटून मिळतं, थोडक्या रकमेपासून सुरुवात, ना गीझर ना चेअरमन.

---

हिशेबनीस, मंगळवार सायं. ६.२०

पर्याय चांगला आहे, गुरुजी. फक्त युनिटचा भाव रोज खाली-वर दिसतो, फ्लॅटचा दिसत नाही. ज्यांना तो आकडा बघून झोप लागत नाही त्यांनी विचार करून जावं.

---

लातूरची_लेक, मंगळवार रात्री ११.५०

ड्यूटी संपवून वाचतेय. सगळे मालक बोलले, एक भाडेकरू बोलू का?

मी नर्स. सहा वर्षांत पुण्यात पाच घरं बदलली. घर शोधताना पहिला प्रश्न "कुठल्या गावच्या", दुसरा आडनाव, तिसरा "नॉनव्हेज खाता का". भाडं वेळेवर देता का, हे कुणी विचारतच नाही. पगार महिन्याच्या सात तारखेला होतो, आठला मी पाठवते, एकदाही चुकलेली नाही. तरी अनामत परत घेताना प्रत्येक वेळी रडारड. शेवटच्या मालकांनी ४० हजारांतून १८ कापले, "रंग खराब झाला" म्हणून. मी राहायला आले तेव्हाच बेडरूमच्या भिंतीला ओल होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेला, त्यांनी होकाराचा अंगठा पाठवलेला. तोच मेसेज पुन्हा पाठवला तर ब्लॉक.

मिसळदादा, तुम्ही घर घ्या किंवा घेऊ नका. घेतलंत तर चावी देताना भाडेकरूबरोबर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, मीटरचं रीडिंग. दोघांच्या फोनमध्ये ठेवा. आणि ओल असेल तर आधी ओल काढा, मग रंग. ओलीवर मारलेला रंग आम्हाला कळतो हो, पहिल्याच पावसात कळतो.

---

कोथरूडची_काकू, बुधवार सकाळी ६.४०

लेकी, वाचून मान खाली गेली. आमच्यातलेच आहेत असे.

मिसळ, हिचं ऐक. माझा एक नियम आहे: दोन हजार भाडं कमी मिळालं तरी चालेल, पण तीन-चार वर्षं टिकणारा माणूस हवा. हिशेबनीस सांगतील, रिकामा एक महिना आणि एजंट मिळून किती जातात.

---

हिशेबनीस, बुधवार सकाळी ८.१५

१६ अधिक ८, चोवीस हजार. म्हणजे महिना बरोबर दोन हजार. काकू, तुम्ही बँकेतच होतात ना!

---

निळी_फाइल, बुधवार सकाळी १०.३०

आणखी एक सापळा. "ताबा मिळेपर्यंत १२ टक्के खात्रीचं भाडं" अशी जाहिरात घेऊन बिल्डरचा माणूस आला होता, दुकानाच्या गाळ्यासाठी. मी २०१७ मध्ये घेतला. १४ महिने चेक आले. मग चेक थांबले, मग ऑफिसचा बोर्ड उतरला. ते १२ टक्के माझ्याच पैशांतून मला मिळत होते, हे लक्षात यायला दोन वर्षं लागली. बांधकाम चालू असलेलं काहीही घेताना महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकलली ते बघा. फ्लॅट असेल तर वर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरात बसला तर १. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही. आणि भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या 'तयार' घराच्या वाटेला जाऊच नका.

---

मेलबर्नहून_मंदार, बुधवार दुपारी १२.०५

परदेशातून घेणाऱ्यांसाठी एक टीप, कारण मी ठेच खाल्ली आहे. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, भाडं कितीही असो. त्याला त्यासाठी टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो. हे ऐकल्यावर दोन जणांनी घर पसंत असूनही नको म्हटलं. रिटर्न भरून परतावा मिळतो, कमी कपातीचं प्रमाणपत्रही काढता येतं, पण भाडेकरूला ते समजावणार कोण? शेवटी एका कंपनीला त्यांच्या कर्मचाऱ्यासाठी दिलं, त्यांचा लेखा विभाग सगळं करतो.

---

चिंचवडी_मिसळ, बुधवार रात्री ९.००

कराचं कुणी सांगेल का? ऑफिसातला म्हणाला, व्याज सगळं वजा होतं, त्यामुळे कर वाचतो.

आणि बायकोच्या नावावर घेतला तर स्टँप ड्युटी १ टक्का कमी, हे खरं का?

---

सीए_ठाणेकर, बुधवार रात्री १०.४०

दुसरं आधी. खरं आहे, पण खरेदीदार फक्त महिला हवी. दोघांची नावं घातली की सवलत गेली. आणि पैसा तुमचा, नाव तिचं, तर भाड्याचं उत्पन्न तुमच्याच खात्यात धरलं जातं. शिवाय व्याजाची वजावट मालकालाच मिळते. नाव तिचं आणि हप्ते तुमचे असले तर वजावट कुणालाच धड मिळत नाही. ४८ हजारांसाठी हा गुंता करायचा का, ते तुम्ही ठरवा.

आता व्याज. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा, मग उरलेल्याच्या सरसकट ३० टक्के वजा. दुरुस्तीला तुम्ही रुपया खर्च करा नाहीतर लाख, ३० म्हणजे ३०, पावत्या लागत नाहीत. मेंटेनन्सही त्यातच आला. मग व्याज. तुमच्या पुनावळ्याच्या घरात पहिल्या वर्षी व्याज ३ लाखांच्या वर जाईल, भाड्यातून उरतात १ लाख १७ हजार. सुमारे पावणेदोन-दोन लाखांचा तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत तो २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत होत नाही, पुढेही ओढता येत नाही. तुम्ही कुठल्या प्रणालीत?

---

चिंचवडी_मिसळ, बुधवार रात्री १०.४४

नव्या.

---

सीए_ठाणेकर, बुधवार रात्री १०.४५

मग ऑफिसातल्या मित्राला चहा पाजा आणि विषय बदला.

---

चिंचवडी_मिसळ, पाच महिन्यांनंतर, शनिवार रात्री ११.२०

धागा वर काढतोय, राग मानू नका. पोहोच द्यायची राहिली होती.

काकूंनी सांगितल्याप्रमाणे पुनावळ्याला बुधवारी रात्री साडेआठला गेलो. ए विंगमध्ये ८४ फ्लॅट, ३१ दिवे. वॉचमनला विचारलं, त्याने खिशातून वहीच काढली. गेटबाहेर दोन टँकर उभे होते, महिना होता डिसेंबर. पुनावळं तिथेच सोडलं.

चिंचवड स्टेशनजवळ जुन्या सोसायटीत वनबीएचके घेतला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग स्कूटरपुरतं. ४१ लाख. कन्व्हेअन्स झालेलं (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर), भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) हातात, वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढला. सोसायटीने ट्रान्सफरसाठी ७० हजार मागितले होते. कमाल २५ हजारच घेता येतात हे कळल्यावर, काकू, आधी पेढे नेले आणि मगच पत्र दिलं. २५ वर आले. नावं दोघांची घातली. बायकोने तिचे ४ लाख घातले, कर्ज २४ लाखांवर आणलं, १५ वर्षांसाठी. हप्ता २३ हजार ६००, भाडं १५ हजार, मेंटेनन्स १२००. महिना दहाएक हजार खिशातून जातात, आणि ते झेपतात. हिशेबनीस, रिकामे महिने धरलेत, ओरडू नका.

भाडेकरू नवरा-बायको आणि त्यांची आई. तो जवळच्या कारखान्यात, ती पतपेढीत. मोरीच्या भिंतीला ओल होती. आधी वॉटरप्रूफिंग केलं, दोन आठवडे वाळू दिलं, मग रंग. व्हिडिओ काढला. सात मिनिटांचा झाला, कारण आजी मध्येच येऊन "हा नळ जरा सावकाश फिरवायचा" असं मलाच समजावत होत्या.

आज रात्री साडेनऊला फोन आला, फ्लशच्या टाकीतून पाणी वाहतंय. प्लंबर गावाला गेलेला. मीच पाना घेऊन गेलो. युट्यूब लावून उघडलं, वॉशर कुजला होता. कोपऱ्यावरचं हार्डवेअर बंद होतंच होतं, अर्धं शटर वर करून दिला त्याने. हात धुऊन बाहेर आलो तर आजींनी ताटलीत थालीपीठ ठेवलेलं, लोण्याचा गोळा घालून.

---

कोथरूडची_काकू, शनिवार रात्री ११.३१

वॉशर केवढ्याला पडला?

---

चिंचवडी_मिसळ, शनिवार रात्री ११.३२

४० रुपये. पावती जपून ठेवलीय, कराला लागेल.

---

सीए_ठाणेकर, शनिवार रात्री ११.३४

फेका ती. ३० टक्क्यांत गेला वॉशर.